गाडीतला गारवा

बदनापूर अजून चार-पाच किलोमीटर असेल तेव्हा शिवशंकरच्या लक्षात आलं की हवा बदलली. गरम झाली असं नाही. पण गिअर टाकताना डाव्या मनगटाला जी गार झुळूक लागायची ती लागली नाही, लागली ती नुसती हवा. त्यानं हात तसाच एसीच्या जाळीसमोर धरून ठेवला. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला तेव्हा त्याला कळलं की आपण वेग कमी केलाय. शेजारी त्याची लेक प्रांजली मोबाईलवर काहीतरी वाचत होती, वाचताना तिचे ओठ हलत होते, मांडीवर हॉल तिकिटाची प्लास्टिकची फाईल होती. तिला अजून कळलं नव्हतं, किंवा कळूनही ती बोलली नव्हती. या दोन्हींतला फरक ओळखायला तो बावीस वर्षांत शिकला नव्हता. त्यानं पंख्याचं बटण तीनवरून चारवर नेलं. आवाज वाढला. हवा तीच. साडेदहा वाजत आले होते, मे महिन्याचा दुसरा आठवडा, रस्ता पुढं पाणी सांडल्यासारखा चकाकत होता आणि जवळ गेलं की कोरडा होत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "वाचलं का सगळं?" ती म्हणाली, "हो." मग मोबाईल उलटा ठेवून तिनं जाळीसमोर तळहात धरला, क्षणभरच, आणि पुन्हा मोबाईल उचलला.

प्रांजलीला घाम येत नाही. जन्मापासून नाही. नवीन माणसाला हे सांगितलं की तो हसतो आणि बरंय की म्हणतो. केस विरळ, दात मोजकेच आले, तेही टोकदार. या गोष्टी लोकांना दिसतात आणि लोक त्याबद्दल हळहळतात. घाम न येणं कुणाला दिसत नाही. ते शिवशंकरलाही दिसलं नव्हतं. ती अडीच वर्षांची होईपर्यंत दर उन्हाळ्यात तिला ताप यायचा आणि जालन्यातले डॉक्टर तापाचं औषध द्यायचे, रक्त तपासायचे, पुन्हा औषध द्यायचे. मग त्याच्या बायकोच्या, वंदनाच्या भावाचं लग्न निघालं, अंकुशनगरला, कारखान्याच्या कॉलनीच्या मैदानात. दुपारचा मुहूर्त. वंदना म्हणत होती की पोरीला घरात निजवते, आणि तो म्हणाला होता, खेळू दे की, बाकीची पोरं खेळतायतच. हे वाक्य त्याला अजून शब्दाशब्दानिशी आठवतं. त्यावेळी आपण पान खात होतो आणि चुना जास्त झाला होता, हेही आठवतं. मंडपाच्या मागच्या बाजूला पोरांचा गलका एकदम थांबला. प्रांजली मातीत पडली होती, डोळे वर गेलेले, अंग ताठ, आणि हात लावला तर चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं. लोक गोळा झाले. कुणी कांदा आणा म्हणालं, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, आणि तो मधे उभा राहून नुसता ओरडत होता, गाडी बघा, गाडी बघा. त्या गर्दीतून जयवंताबाई नावाची एक म्हातारी पुढं झाली. आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेली, वंदनाच्या माहेरच्या शेजारची. तिनं पोरीला उचललं आणि सरळ गुरांच्या हौदात गळ्यापर्यंत बुडवलं. तापातल्या लेकराला पाण्यात घालते म्हणून बायका अंगावर धावल्या. म्हातारी म्हणाली, "पोरगी तापली न्हाई बाई, पोरगी भाजून राह्यली. हात लावू नका कुणी." दहा मिनिटांनी प्रांजली रडली. त्या दहा मिनिटांत आपले दोन्ही हात कुठं होते, हे शिवशंकरला कितीही आठवलं तरी आठवत नाही.

नंतर मोठ्या डॉक्टरांनी कातडीचा तुकडा काढून तपासला. घामाच्या ग्रंथीच नाहीत म्हणाले. औषध नाही. गार ठेवा. एवढंच ते बोलले आणि पुढच्या पेशंटची बेल वाजवली. शिवशंकरनं ते दोन शब्द नोकरीसारखे पत्करले. जालन्यातल्या मस्तगडच्या घराची वरची खोली सोडून ते खालच्या अंधाऱ्या खोलीत राहायला आले. शाळेत पाचवीपासून दुपारी तो स्वतः ओला टॉवेल घेऊन जायचा, पोरी हसायच्या, सातवीत तिनं त्याला सांगितलं, येऊ नका. तो स्वतः बियाण्याच्या कंपनीत उगवण चाचणीच्या खोलीत काम करतो. तिथं ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत सरकी आणि बाजरीचे दाणे ठेवलेले असतात, आणि बाहेर काहीही होवो, खोलीचं तापमान पंचविसाच्या वर जाऊ देत नाहीत. वीज गेली तर आधी जनरेटर त्या खोलीला. एका मे महिन्यात त्यानं प्रांजलीला दोन दिवस तिथं खुर्ची टाकून बसवलं होतं; तिसऱ्या दिवशी मॅनेजरनी बोलावून समजुतीनं सांगितलं की असं करता येणार नाही. त्यांचं चूक नव्हतं. तो परत खोलीत गेला आणि चिमट्यानं कोंब मोजत बसला. शंभरातले ब्याण्णव उगवले होते.

म्हणून गाडी. अकरा वर्षांपूर्वी घेतली तेव्हाच ती दोघांच्या हातून गेलेली होती, रंग उडालेला, मागचा डावा दरवाजा आतून न उघडणारा. त्यानं इंजिन बघितलं नव्हतं, टायर बघितले नव्हते. एसी लावून काच वर केली होती आणि प्रांजलीला आत बसवून बाहेरून तिच्या तोंडाकडं बघत राहिला होता. या गाडीनं ती दवाखान्यात गेली, कॉलेजात गेली, परतूरला मावशीच्या घरी गेली, उन्हाळ्यात लग्नाला गेली आणि गाडीतच जेवली. आणि दोन वर्षांपासून एसीचा गॅस जाऊ लागला. नव्या जालन्यातला पप्पू मिस्त्री पहिल्या खेपेलाच बोलला होता, "साहेब, गॅस आपोआप कमी होत न्हाई, कुठंतरी लीक हाय. शोधायचं म्हणलं तर गाडी दोन दिवस सोडावी लागल." दोन दिवस! एप्रिल होता, आणि प्रांजलीचे प्रॅक्टिकल चालू होते. शिवशंकर म्हणाला, "सध्या गॅस भरून दे बाबा. उन्हाळा निघू दे." उन्हाळा निघाला. मग गारच हवा होती म्हणून कुणी बघितलं नाही. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा गॅस. या मार्चमध्ये पुन्हा. पप्पू दर वेळी लीकचं बोलायचा, पण आवाज कमी कमी होत गेला होता. आणि भरून झालं की जाळीतून ती पहिली थंडगार हवा यायची, आणि शिवशंकरला वाटायचं, स्वस्तात सुटलो. मागच्या आठवड्यातही तसंच वाटलं होतं. मागचाच आठवडा.

आता बॉनेटच्या आतून चिरकल्यासारखा आवाज आला. आधी बारीक, मग सलग, आणि मग रबर जळाल्याचा वास. प्रांजलीनं नाकाला ओढणी लावली. गाडी जड झाली, कुणी मागं ओढून धरल्यासारखी. रस्त्याच्या कडेला टायर रंगवून लावलेले होते, पत्र्याचं शेड, आणि भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं: कार एसी. हे नशीबच म्हणायचं. शेडच्या सावलीला गाडी लावून तो उतरला तेव्हा वाऱ्याची झळ कानशिलावर बसली.

मिस्त्री साठीचा होता, पुंजाराम नाव, चष्म्याला मागून दोरी. त्यानं घाई केली नाही. बॉनेट उघडलं, इंजिन बंद करायला सांगितलं, आत हात घालून एक चाक फिरवायचा प्रयत्न केला. ते फिरलं नाही. मग एका पाइपच्या जोडावरून बोट फिरवून त्यानं ते शिवशंकरसमोर धरलं. बोट काळं, तेलकट.

"गॅस कितीदा भरला?"

"तीन. न्हाई, चार."

"लीक काढलं न्हाई?"

"न्हाई."

पुंजारामनं बोट फडक्याला पुसलं. "हे बघा. या जोडात रबराची रिंग असती. ती कडक झाली. गॅस इथून गेला, आन् गॅससंगं तेल बी गेलं. तुम्ही गॅस भरून राह्यले, तेल कुणी भरलंच न्हाई. कॉम्प्रेसर कोरडा घासत राह्यला. आता जाम झाला."

"रिंग बदलली तर?"

"आता रिंग बदलून काय उपेग? तव्हा बदलायची व्हती." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "चाळीस रुपयाची बी रिंग न्हाई ती, साहेब. लीक काढायला दोन दिवस म्हणले असतील, पण खरं तर एका दुपारचं काम. आता जुना कॉम्प्रेसर बघावा लागल, भंगारातनं. चांगला मिळाला तर बरा. तरी बी चार दिवस धरा."

शिवशंकर त्या जोडाकडं बघत राहिला. चार आण्याच्या नाण्याएवढी जागा. अकरा वर्षं त्यानं या गाडीची पूजा केली होती, दसऱ्याला हार घातला होता, आणि या एवढ्याशा जागेतून गारवा रोज थोडा थोडा निघून जात होता. गाडी दोन दिवस सोडली असती तर! पण ते दोन दिवस सोडायचीच तर त्याला भीती होती. त्या दोन दिवसांत काही झालं तर, ती कुठं अडकली तर, या भीतीनं त्यानं गाडी सोडली नाही, आणि म्हणून आज, परीक्षेच्या दिवशी, या शेडपलीकडं दोनशे पावलांवर सुद्धा सावली नसलेल्या रस्त्यावर ती अडकली होती. हा विचार त्यानं पुन्हा पहिल्यापासून करून बघितला. प्रत्येक वेळी तो बरोबरच वागला होता, आणि शेवट हाच येत होता.

प्रांजली शेडमधल्या बाकावर बसली होती. गाल लाल व्हायला लागले होते. तो लाल रंग त्याला ओळखीचा होता. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून ओढणी भिजवली, मानेभोवती घेतली, मग दोन्ही मनगटांवर पाणी सोडलं. हे सगळं इतकं सावकाश आणि नेमकं की तो बघतच राहिला. बँकेची परीक्षा, संभाजीनगरचं केंद्र, साडेबाराच्या आधी आत जायचं. चाळीस किलोमीटर. तो म्हणाला, "परत जाऊ. घर जवळ आहे. पुढच्या वर्षी देता येईल की."

"पप्पा."

"न्हाई, हे बघ, डोक्याला ऊन लागलं तर..."

"पप्पा, अकराची बस येईल आता. एसीची. हात केला तर थांबते इथं."

"बस? तू बसनं कशी जाशील? एकटी? आणि मधे एसी बंद पडला तर, गर्दी असली तर, कुणाला सांगशील तू?"

तिनं घड्याळ बघितलं आणि ओढणी डोक्यावरून घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तो मागं धावला. उन्हात तिच्यावर सावली पडावी म्हणून तिच्या पश्चिमेला उभा राहिला, मग लक्षात आलं सूर्य पूर्वेकडं आहे, तिकडं गेला, पण सूर्य इतका वर आला होता की त्याची सावली त्याच्याच पायांशी गोळा झाली होती. ती किंचित हसली. बस आली, पांढरी, काचा बंद, आवाज जवळजवळ नाहीच. दार उघडलं तशी आतली थंड हवा दोघांच्या तोंडावर आली. दारात चाळिशीची एक बाई उभी होती, खाकी कपडे, खांद्याला तिकिटाचं मशीन.

"आगं प्रांजल! आज हितून कशी? शनिवार न्हाई काही न्हाई." मग तिच्या गालांकडं बघून, "ये ये, जल्दी ये. पुढची सीट हाय रिकामी, तुझी. तोंडावर पाणी मार आधी. अन् हे कोण?"

"माझे पप्पा, नंदाताई."

"नमस्कार साहेब. काळजी करू नका, आम्ही हावोत."

शिवशंकरनं हात जोडले. प्रांजली पायरीवर चढली होती, मागं वळून त्याच्याकडं बघत होती. शनिवार. शनिवारी तो कंपनीत असतो सहापर्यंत. शनिवारी तिचा क्लास असतो मोबाईलवर, खालच्या खोलीत, दार लावून. असं वंदनानं सांगितलं होतं, वंदनानंच.

"किती दिवसांपासून?" त्यानं विचारलं.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "क्लास संभाजीनगरलाच असतो. तुम्ही न्हाई म्हणला असता."

"हो," तो म्हणाला. ते खरंच होतं. "मग आज गाडीत कशाला बसलीस?"

ड्रायव्हरनं मागं बघितलं. "तुम्ही सुट्टी काढली होती ना, पप्पा," ती म्हणाली, आणि दार मिटलं.

पुंजारामनं एसीचा पट्टा कापून काढला. इंजिन पुन्हा हलकं झालं. "आता गाडी चालल बराबर," तो म्हणाला, "फक्त एसी न्हाई. कॉम्प्रेसर मिळाला की फोन करतो. नंबर लिहा." शिवशंकरनं नंबर लिहून दिला. लिहिताना पेन थांबलं, कारण त्याला वाटलं की हा माणूस विचारेल, एवढा खर्च कशाला करता, आणि आपल्याकडं सांगायला काही नसेल. पण त्यानं विचारलं नाही. पैसेही घेतले नाहीत. गाडी वळवून जालन्याला जाता आलं असतं. त्यानं चारी काचा खाली केल्या आणि संभाजीनगरकडं निघाला. भट्टीचं दार उघडं असावं असा वारा आत येत होता. दोन वर्षं म्हणजे शंभर शनिवार. त्यातले पावसाळ्याचे वगळा, तरी साठ-सत्तर. त्या सत्तर सकाळी तो कोंब मोजत असताना ती या रस्त्यानं गेली होती, पुढच्या सीटवर बसून, आणि तिला काही झालं नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. आनंदासाठी तो आत कुठंतरी चाचपत होता. हाताला लागत होतं ते एवढंच, की वंदना रोज रात्री जेवताना त्याला विचारायची, "गाडीचा एसी ठीक आहे ना?" आणि तो तिला सविस्तर सांगायचा, आणि ती ऐकून घ्यायची.

केंद्राच्या फाटकाबाहेर पालकांची गर्दी होती. सगळे आत गेले होते. तिथं उभं राहण्यासारखं एकच झाड होतं आणि त्याच्या सावलीत आधीच वीस-पंचवीस माणसं होती. त्यानं प्रांजलीला फोन लावला नाही, कारण फोन बाहेर ठेवायला सांगितले असतील. वंदनाला लावला. "पोचली का ती?" वंदनानं विचारलं. तो म्हणाला, "बसनं पोचली." मग वंदना म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या काहीतरी." तो बरं म्हणाला. जेवला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला, आणि भिंत तापली तेव्हा टेकायचं सोडलं.

सव्वापाचला मुलं बाहेर पडू लागली. ती शेवटच्या काहींत होती, एका मुलीशी बोलत, मान वाकडी करून हसत. त्याला बघून थांबली.

"तुम्ही आलात? काचा उघड्या टाकून?"

"कसा गेला पेपर?"

"बरा गेला. गणितं राहिली तीन-चार." ती त्याच्या शर्टाकडं बघत होती. शर्ट पाठीला, छातीला, दंडांना चिकटला होता, कपाळावरून पाणी भुवयांत उतरत होतं. तिच्यासमोर घाम पुसायची त्याला नेहमी चोरी वाटायची. त्यानं रुमाल काढला आणि तसाच मुठीत धरला. तिनं पिशवीतून बाटली काढून त्याला दिली. "प्या आधी. सगळं प्या."

"झालीस पास तर कुठं टाकतील तुला?"

"कुठंही. मी विदर्भ सोडून सगळं भरलंय." ती हसली, आणि तोही हसला. मग गाडीकडं चालायला लागल्यावर ती दोन पावलं मागंच थांबली.

"पप्पा, पावणेसहाची बस आहे. मी तिनंच येते."

"आता ऊन उतरलंय. काचा खाली केल्या की वारा..."

"पत्रा तापलाय, पप्पा."

तो म्हणाला, "मग मीही बसनं येतो. गाडी राहू दे इथं."

"आणि उद्या गाडी न्यायला कोण येईल?"

ती मैत्रिणीबरोबर रिक्षात बसली. तो गाडी घेऊन रिक्षाच्या मागं मागं स्टँडपर्यंत गेला, मधे दोन वेळा सिग्नलला रिक्षा हरवली. गाडी बाहेर लावून आत आला तेव्हा बस लागलेली होती. दार बंद, काचा वर. पुढून दुसऱ्या खिडकीत ती बसलेली दिसली. मैत्रीण नव्हती, ती एकटीच होती, ओली ओढणी मानेभोवती, चेहरा निवांत, इथं बसायची सवय असलेल्या माणसाचा. तो खिडकीखाली जाऊन उभा राहिला. तिनं वरून बघितलं, ओठ हलवून काहीतरी म्हणाली. काचेतून ऐकू आलं नाही. त्यानं मान हलवली, कळलं अशी. मग बसचे दिवे लागले, बस जराशी हलली, आणि उतरतं ऊन थेट तिच्या तोंडावर आलं. त्यानं हात वर केला. पण तेवढ्यात तिनं पडदा ओढून घेतला होता. तो उभा होता, ऊन त्याच बाजूचं होतं.